डाव्या हाताची साक्ष

सगुणाने शकूचा डावा हात चिंधीने तिच्या परकराच्या नाडीला बांधला आणि मग थाळी पुढे सरकवली. भात आणि सुकटीचं कालवण. शकूने उजव्या हाताने घास उचलला. अर्धा तोंडात गेला, अर्धा मांडीवर सांडला. रोजचंच होतं हे. पोर सात वर्षांची झाली तरी उजवा हात तिला अजून परकाच होता. शाळेत गुरुजी पट्टी मारत, घरी आई बांधून ठेवी, आणि सोडला रे सोडला की तो डावा हात पुन्हा सगळ्यांच्या आधी पुढे.

"त्याच्या आयशीनं पन असाच बांधलेला," दारातून आवाज आला.

सगुणाने मान वर केली. काळुराम, तिचा सासरा, उंबऱ्याबाहेर उभा होता. सात वर्षांत त्याची सावली या दारात पडली नव्हती. डोंबिवलीच्या बाजारात ती गवताचे भारे घेऊन बसलेली असताना दोनदा समोर आला, तेव्हा दोन्ही वेळा त्याने छत्री आडवी धरली होती.

"कुनाच्या आयशीनं?" तिने विचारलं.

"पंढरीच्या."

तिने पाण्याचा तांब्या बाहेर नेऊन ठेवला. आत ये म्हणाली नाही. म्हातारा ओटीवरच टेकला, पाणी प्यायला, आणि बराच वेळ तांब्याकडेच बघत राहिला. तिच्या नवऱ्याचा, पंढरीचा हात आंबिवलीकडच्या एका गिरणीत यंत्रात सापडून मनगटापासून गेला, ही बातमी तिला चार महिन्यांपूर्वीच बाजारात कळली होती. ती बातमी ऐकून आपल्याला काय वाटलं, हे तिने स्वतःलासुद्धा विचारलं नव्हतं.

"ठाण्याला साहेबापुढं तारीख हाय," काळुराम म्हणाला. "भरपाईची. पन हात गेला तो डावा. कायद्यात डाव्या हाताचे पैशे कमी, उजव्याचे जास्त. पंढरी सांगतो, मी डावरा, माझा कामाचा हातच गेला. तर गिरनीचा वकील बोलतो, खोटं. याला आमी उजव्या हातानं जेवताना बघितलाय."

"मग मी काय करू?"

"तू सांग, तो डावरा हाय म्हनून. मी बापूस, माझं कोन ऐकतंय? तू त्याच्यावर दावा लावलायस. तू बोललीस तर साहेबाला पटंल."

सगुणाला हसू आलं नाही, पण यायला हवं होतं.

"मामा, अठरा महिने झाले, पोरीच्या पोटगीचा एक पैसा नाय. आनि कोर्टात तुमच्या पोरानं काय लिवून दिलंय, ठाव हाय ना?"

"ते वकिलानं लिवलं."

"अंगठा पन वकिलाचाच होता?"

म्हाताऱ्याने तांब्या उगाचच जमिनीवर फिरवला. आत शकूने थाळी संपवली होती आणि बांधलेला हात सोडून घेण्यासाठी ती आईची वाट बघत बसली होती. काळुराम दारातून तिच्याकडे बघत होता. बघायचं नाही असं ठरवून आलेल्या माणसासारखा, पुन्हा पुन्हा.

कोर्टातल्या त्या अर्जात पंढरीने लिहून दिलं होतं की मुलगी माझी नाही. सगुणा पाचव्या महिन्यात माहेरी, मानपाड्याला आली, आणि तेवढ्यात त्याने आंबिवलीला दुसरं बिऱ्हाड थाटलं. पोर झाली तेव्हा बघायला आला नाही. कल्याणच्या कोर्टाने मुलीपुरते महिना बारा रुपये ठरवले, ते त्याने चार महिने दिले. मग बंद. वॉरंट निघालं तेव्हा त्याने हा अर्ज टाकला, आणि तेव्हापासून पोटगीची केस नुसती तारखा खात होती. पोरीला शाळेतून काढून गवताला न्यायची, असं सगुणाने या पावसाळ्यात दोनदा मनाशी ठरवलं होतं आणि दोनदा मोडलं होतं. तिसऱ्यांदा मोडायचं बळ तिच्यात राहिलं नव्हतं.

"विचार करून सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भारे विकून ती कल्याणला त्र्यंबकराव वकिलांकडे गेली. म्हातारे गृहस्थ, फी म्हणून दिवाळीला पायलीभर तांदूळ घेत आणि तेही संकोचून. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला.

"जाऊ नकोस. त्याला जास्त मिळाले तरी तुझ्या पदरात काय पडणार? भरपाईच्या पैशाला जप्ती लागत नाही, कायदाच तसा आहे."

"आनि कमी मिळाले तर?"

"तर तो म्हणेल, मी अपंग माणूस, मी कुठून देऊ. दोन्हीकडून तूच मरतेस, सगुणे. खरं सांगू का, तुझी बाजूच लंगडी आहे. तुमचं लग्न लागलं ते भटजीशिवाय, लग्नाची गाणी, धवले गाऊन. ते म्हणणारी बाई वारली. मुलीच्या जन्माची नोंद तुझ्या वडिलांनी केली, त्यात बापाचं नाव घालायचं राहून गेलं. शाळेत तू सांगितलंस तसं गुरुजींनी लिहिलं, त्याला कोण विचारतो? तुझ्या बाजूने एक सरकारी कागद नाही."

"त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलं तर?"

"काय, मुलगी माझी म्हणून? तो कशाला सांगेल?" त्र्यंबकराव हसले, पण त्यात काही वाईट नव्हतं. "आणि चावडीवर सांगून उपयोग नाही. साहेबासमोर शपथेवर सांगायला हवं, ते लिहून घेतलं जायला हवं, त्याची नक्कल तुझ्या हातात यायला हवी. मग मी काहीतरी करू शकेन."

"नक्कल," सगुणा म्हणाली, आणि उठली.

तारखेच्या दिवशी सकाळी तिने शकूला तेल लावून वेणी घातली आणि शाळेचा परकर नेसवला. भाकर पुढे ठेवली. शकूने सवयीने डावा हात नाडीपाशी नेला आणि बांधून घेण्यासाठी उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे आज," सगुणा म्हणाली.

चिंधी तिने पदराच्या गाठीत ठेवली.

ठाण्याच्या कचेरीच्या व्हरांड्यात पंढरी भिंतीला टेकून बसला होता. सात वर्षं सगुणाने त्याला ऐकवायचं बरंच काही जमवून ठेवलं होतं. पण समोर बसलेला माणूस वाळलेला, दाढी वाढलेली, मनगटाला पंचा गुंडाळलेला, आणि त्या पंच्यावरची माशी हाकलायला उजवा हात उचलताना अडखळणारा. तिला त्याची कीव आली, आणि कीव आली याचा रागही आला. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग शकूकडे, मग भिंतीकडे.

आत खोली लहान, पंखा मोठा आणि बंद. साहेब मध्यमवयीन, चेहऱ्यावरून कंटाळलेले. पंढरीनंतर सगुणाने शपथ घेतली. शकू दाराशी उभी राहिली.

"पंढरी डावखुरा आहे?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब. कोयता डाव्यानं, फावडा डाव्यानं. माझ्यासमोर चार पावसाले शेती केली त्यानं."

गिरणीचे वकील उठले. उंच, सोनेरी काड्यांचा चष्मा.

"बाई, तो जेवतो कुठल्या हाताने?"

"उजव्या."

"उजव्या." वकिलांनी साहेबांकडे बघितलं.

"जेवतात सगलेच उजव्यानं. डावऱ्याला पन उजव्यानंच जेवायला लावतात. लहानपनी हात बांधतात त्याचा." सगुणा थांबली. "तुमच्यात नाय बांधत?"

साहेबांच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. वकील मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद चाळला.

"तुमची पोटगी या माणसाकडे थकलेली आहे, खरं की नाही?"

"खरं."

"म्हणजे याला जास्त पैसे मिळाले तर तुमचा फायदा. म्हणून तुम्ही इथे आलात. साहेब, या साक्षीची किंमत काय ती आपणच ठरवा."

काळुरामने मान खाली घातली. पंढरीचा उजवा हात पंच्यावरून सारखा फिरत होता, गेलेला पंजा चाचपून बघावा तसा. त्याला दिसत होतं की सगळं हातातून चाललं.

"माझ्या बोलन्यावर जाऊ नका साहेब," सगुणा म्हणाली. "पोरीला बघा." ती वळली. "शकू, पुढं ये. साहेबांना तुजं नाव लिवून दाखव."

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि एक कोरा कागद टेबलाच्या कडेला सरकवला. शकूने टाचा उंच करून डाव्या हातात पेन्सिल धरली. गुरुजींची पट्टी कुठून येते की काय म्हणून तिने एकदा बाजूला बघितलं, आणि मग लिहायला लागली. अक्षर सरळ, टपोरं, एका रेघेत.

"बघितलंत साहेब?" काळुराम न राहवून म्हणाला. "आमच्या घरचा हात."

"यावरून काय सिद्ध होतं?" गिरणीचे वकील म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला होता. "ही मुलगी कोण? कुणाची? रस्त्यावरची कोणतीही डावखुरी पोर आणून उभी करतील. या बाईच्या मुलीचा या माणसाशी संबंध काय, ते तरी कळू दे!"

साहेबांनी पंढरीकडे बघितलं.

"तू शपथेवर आहेस. ही मुलगी तुझी?"

पंढरीने सगुणाकडे बघितलं. ती टेबलावरच्या दौतीकडे बघत होती. त्याने वकिलांकडे बघितलं, मग पंच्याच्या गाठोड्याकडे. त्या गाठोड्याची किंमत या एका शब्दावर येऊन थांबली होती, आणि दुसरं काही त्या घडीला त्याला सुचलं नाही.

"माझीच हाय साहेब," तो म्हणाला. मग घाईने, पुन्हा: "माझी पोर. माझ्यावर गेलीय. मी पन असाच, लहानपनापासून."

"मुलीचं नाव?"

पंढरीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"शकू पंढरी भोईर," शकू म्हणाली. तिने कागद साहेबांसमोर केला. त्यावर तेच लिहिलं होतं.

साहेबांनी कारकुनाला सांगितलं तसं कारकून लिहीत गेला. टाकाची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. सगुणाला अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ती त्या कागदाकडे बघत राहिली. लिहून झाल्यावर कारकुनाने शाईची गादी पुढे केली.

"डावा अंगठा." मग तो ओशाळला. पुरुषांचा डावा अंगठा घ्यायची त्याच्या हाताला सवय. "बरं, उजवा दे."

पंढरीने अंगठा टेकवला. आधी फराटा उठला. कारकुनाने स्वतः धरून तो पुन्हा नीट उमटवला. सगुणाने तो कागद कारकुनाच्या हातात परत जाईपर्यंत नजर हलवली नाही.

"हे लिवलं ते सगलं, साहेब?" तिने विचारलं. "पोरीचं पन?"

"लिहिलं."

"याची नक्कल कुठं मिळते?"

साहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. गिरणीच्या वकिलांनीही. बघता बघता साहेबांचा कंटाळा कुठेतरी गेला.

"बाहेर, तिसऱ्या खिडकीवर," ते म्हणाले. "अर्ज द्यावा लागेल."

व्हरांड्यात काळुराम शकूच्या डोक्यावर हात ठेवायला वाकला आणि अर्ध्यावरच थांबला. पंढरी मागून आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण रागाचा नव्हता. राग यायला अंगात जोर लागतो.

"नक्कल कशाला गं तुला?"

"कल्यानला दाखवायला."

त्याने नुसती मान हलवली, आणि उजव्या हाताने पंचा सावरायला लागला. गाठ सुटली होती आणि एका हाताने ती काही केल्या बसत नव्हती. सगुणाने थोडा वेळ बघितलं. मग पदराच्या गाठीतली चिंधी काढली, त्याच्या मनगटाभोवती पंचा घट्ट गुंडाळला आणि वरून चिंधीने बांधून टाकला. दोन गाठी मारल्या.

तिसऱ्या खिडकीपुढे सहा माणसं उभी होती. ती मागे जाऊन उभी राहिली. शकूला तिने एक आण्याचे शेंगदाणे घेऊन दिले होते. पोर ते डाव्या हाताने एकेक करून तोंडात टाकत होती आणि आई अजून रागावली कशी नाही म्हणून अधूनमधून वर बघत होती.

"आये," तिने हळूच विचारलं, "तो मानूस माझा बापूस हाय?"

रांग एका माणसाने पुढे सरकली.

"तसं लिवलंय आता," सगुणा म्हणाली.