कोल्ह्याचं काय झालं

प्रेमराज मुलगी बघायला दोंडाईच्याला निघाला तेव्हा लोटनमामाने त्याला गाडीतच बजावलं, की मुलीसमोर गेमचं नाव काढायचं नाही. प्रेमराज एकतिशीचा, घर नशिराबादला, नोकरी जळगावात ठिबकच्या नळ्यांच्या दुकानात. मुलगा सरळ. व्यसन म्हणाल तर एकच, लहानपणीचे जपानी व्हिडिओगेम. त्यातल्या गोष्टींवरून तो फोनवर अनोळखी माणसांशी तासन्‌तास भांडायचा. आधीचं एक स्थळ असंच गेलं होतं. जपानी लोक गोष्टीच्या शेवटी आकाशातून एकदम नवाच देव उतरवतात आणि त्याला मारायला लावतात, हे कसं चूक आहे ते तो त्या मुलीला समजावत बसला. मुलीकडच्यांना वाटलं, पोरगा देवाला मानत नाही.

म्हणून या वेळी प्रेमराज गप्प बसायचं ठरवूनच आला होता. चुडामणनानांच्या घरी चहापाणी झालं. नाना गावच्या तंटामुक्ती समितीचे माजी अध्यक्ष. समिती सुटली तरी तंटा सोडवायची खोड सुटली नव्हती. त्यांची मुलगी दिपमाला एका मिरची व्यापाऱ्याकडे हिशेबाला होती. मोठ्यांनी दोघांना पुढच्या खोलीत बोलायला बसवलं आणि स्वतः आत जाऊन कापसाच्या भावावर बोलू लागले.

"आवड काय तुमची?" दिपमालाने विचारलं.

"फिरणं," प्रेमराज म्हणाला. त्याला फिरणं मुळीच आवडत नसे.

"मला नाही आवडत," ती म्हणाली. "मला घरात बसून व्हिडिओगेम खेळायला आवडतात. जुने, कॅसेटवाले."

प्रेमराजला मामाचं बजावणं आठवलं, आणि तो ते लगेच विसरलाही. "कोणते?"

"एक होता. नाव माहीत नाही, सगळं जपानीत. लाल टोपीचा मुलगा असतो, त्याच्यासोबत एक कोल्हा."

"सात गावं फिरून घंटा गोळा करायच्या," प्रेमराज म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. त्याने तीच कॅसेट जळगावच्या फुले मार्केटातून घेतली होती, तिने धुळ्याच्या आग्रा रोडवरून. दोघांनी ती एकाच वयात, एकही अक्षर न कळता, पूर्ण केली होती. अख्ख्या खानदेशात असं दुसरं माणूस असेल, असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं.

तिथेच थांबले असते तर संध्याकाळी साखर वाटली गेली असती. पण प्रेमराज म्हणाला, "शेवटी मी फार रडलो होतो. म्हाताऱ्या राजाने कोल्ह्याला मारलं तेव्हा."

"मारलं कुठे?" दिपमाला म्हणाली. "कोल्हा म्हणजे खरी राणी असते. राजाशी तिचं लग्न होतं."

"राजा त्या मुलाचा बाप आहे. त्याने कोल्ह्याला मारलं, मुलाने बापाला माफ केलं, आणि दुःखाने सगळं सोडून साबण विकायला बसला. शेवटी नाही का, दुकानात बसून पांढऱ्या वड्या विकतो?"

"त्या बर्फीच्या वड्या आहेत. लग्नाची मिठाई."

"बापाने खून केलाय आणि मुलगा मिठाई वाटेल?"

"खून केला असता तर मुलगा वाकून त्याच्या पाया का पडला असता? तुम्ही पडाल का अशा बापाच्या पाया?"

हे शेवटचं वाक्य जरा मोठ्याने गेलं. आत कापसाचा भाव थांबला. लोटनमामा धावतच बाहेर आला, मागोमाग नाना, आणि हात पुसत दिपमालाची आई, सरिताबाई.

"कोन मरी गया?" मामाने विचारलं.

"कोल्हा," प्रेमराज म्हणाला.

"कोना कोल्हा?"

दोघांनी मिळून सगळं सांगितलं, म्हणजे दोघांनी एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. मामाने कपाळावर हात मारला. हेही स्थळ गेलं, असं त्याला वाटलं. पण नाना खुर्ची ओढून मधोमध बसले. त्यांनी चष्मा पुसला. बऱ्याच दिवसांत त्यांच्यापुढे धड तंटा आला नव्हता.

"एक पक्ष म्हणतो खून, दुसरा म्हणतो लग्न," नाना म्हणाले. "असा निकाल तोंडी देता येत नाही. जागेवर जाऊन पंचनामा करावा लागेल. ती कॅसेट आहे का घरात?"

कॅसेट होती, गेमचा डबाही होता. पण भिंतीवरच्या नव्या टीव्हीला त्याच्या पिना बसेनात. मग नाना आणि मामा माळ्यावर चढले आणि जुना डबडा टीव्ही दोघांनी धरून खाली उतरवला. मामाचा नवा पांढरा सदरा पुढून काळा झाला. दिपमालाने कॅसेटमध्ये फुंकर मारली, पण चित्र येईना. प्रेमराजने मारली, तरी येईना. मग सरिताबाईंनी कॅसेट पदराने पुसून अलगद बसवली, आणि पडद्यावर लाल टोपीचा मुलगा उभा राहिला. त्याच्या पायाशी कोल्हा शेपटी हलवत होता.

"हा होय तो," सरिताबाई म्हणाल्या. "गुणाचा दिसतो."

गेम मध्येच थांबवून ठेवायची सोय त्यात नव्हती. सगळा एका बैठकीत खेळावा लागे. प्रेमराज आणि दिपमाला आळीपाळीने रिमोट घेत होते. तिसऱ्या गावातला पूल प्रेमराजला कधीच नीट जमत नसे. दिपमालाने तो बोलता बोलता ओलांडला. पाचव्या गावात भिंतीआड एक जादा घंटा लपलेली होती, ती तिला आजवर सापडली नव्हती. त्याने दाखवली. तिने त्याच्याकडे बघितलं, आणि रिमोट थोडा उशिरा परत घेतला.

सरिताबाईंनी वाफवलेले डाळीचे फुनके आणि कढी तिथेच आणून वाढली. मामा जेवता जेवता पडद्याकडे बोट करून "डाव्या हाताले, डाव्या हाताले" म्हणत होता. नानांनी कोल्ह्याच्या वागणुकीवर बारीक लक्ष ठेवलं होतं. संशयास्पद काही दिसलं नाही.

उन्हं कलताना मुलगा राजवाड्यात पोचला. म्हातारा राजा सिंहासनावरून उठला. मुलगा वाकला. अक्षरांच्या ओळी सरकू लागल्या आणि कोल्हा पडद्यावरून नाहीसा झाला. सरिताबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"थांबा," दिपमाला म्हणाली. "आता फोन आहे की." तिने फोनचा कॅमेरा टीव्हीसमोर धरला. फोनने जरा विचार केला आणि जपानीवर मराठी अक्षरं उमटवली. तिने वाचून दाखवलं.

"मी राजा नाही. मी तुझा मामा आहे. खुर्ची भाड्याची आहे."

तिने बटण दाबलं.

"कोल्हा घरी गेला. त्याला काम होतं. घंटा तिथे ठेव. आता दुकानात बस आणि टोफू विक."

"टोफू म्हणजे?" नानांनी विचारलं.

"सोयाबीनचं पनीर," दिपमाला म्हणाली.

"म्हणजे साबण नव्हे आणि बर्फीही नव्हे." नानांनी मान हलवली.

पण लोटनमामाचा चेहरा पडला होता. "वीस वरीस," तो प्रेमराजला म्हणाला, "वीस वरीस तू त्या मामाले खुनी म्हनी ऱ्हायना. त्यानी भाचाले धंदाले लायं, आनि तू त्याले खुनी म्हनस."

प्रेमराजने मामाची माफी मागितली. कोणत्या मामाची, ते त्यालाही नीट कळलं नाही.

मग नानांनी निकाल दिला. दोन्ही पक्ष निर्दोष. दोष लिहिणाऱ्याचा. कोल्हा घरी गेला होता तर तसं आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर एका बाईच्या डोळ्यांतलं पाणी वाचलं असतं.

"बरोबर आहे," प्रेमराज म्हणाला. "त्या लोकांची खोडच आहे ही. आयत्या वेळी कुठूनतरी मामा काढायचा. मामाच असायचा होता तर सात गावं कशाला फिरवलं?"

"मला तर आता जास्तच आवडला," दिपमाला म्हणाली. "माणूस लढाईला म्हणून निघतो, आणि शेवटी दुकानच सांभाळावं लागतं. तुम्ही नाही का नळ्या विकत?"

"विकतो," प्रेमराज म्हणाला. भांडणात हरण्याची ही त्याची पहिलीच वेळ, आणि त्याला ते चक्क बरं वाटलं. परतीच्या गाडीत अमळनेर गेलं तरी तो खिडकीबाहेरच बघत होता. मामाला वाटलं, पोराला मुलगी पसंत नाही.

पुढच्या रविवारी नानांचाच फोन आला. लग्नाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही. कोल्ह्याला सोबत न घेता निघालं तर पडद्यावरचा मामा काय म्हणतो, हे बघायचं होतं. लोटनमामा लगेच तयार झाला. त्यानंतरच्या रविवारी घंटाच गोळा न करता जाऊन पाहिलं. मग त्या मामाला भेटायचंच नाही, असंही ठरवून झालं. त्या दिवशी मुलगा रात्र पडेपर्यंत सहाव्या गावात नुसता फिरत राहिला, आणि नाना म्हणाले की हे सगळ्यांत खरं वाटलं. सरिताबाईंनी कोल्ह्याच्या घरी नेमकं काय काम निघालं असेल, यावर स्वतःचं एक मत बनवलं. बहुतेक त्याच्या बहिणीचं बाळंतपण.

पाचव्या खेपेला प्रेमराज आणि दिपमाला कंटाळून अंगणात येऊन बसले. शेजारच्या खळ्यात मिरची पसरलेली होती, आणि बोलताना दोघांनाही मधून मधून ठसका लागत होता.

"आतल्यांना कुणाला वेळ नाही," दिपमाला म्हणाली. "तेव्हा तुम्हीच विचारा काय ते."

"पसंत आहे का मी?"

"तुम्ही सांगता त्या गोष्टी सगळ्या चुकीच्या असतात," ती म्हणाली. "पण सांगता छान. माझा होकार आहे."

प्रेमराजला ठसका लागला, तो बराच वेळ थांबेना. ती पाणी घेऊन आली. मग दोघं मिळून आत सांगायला गेले. टीव्हीसमोर लोटनमामा रिमोट धरून बसला होता, तिसऱ्या गावातल्या पुलावर. नाना त्याच्या खांद्याला धरून होते.

"नाना, आमचं ठरलं," दिपमाला म्हणाली.

"थांब माय," नाना मान न वळवता म्हणाले. "आते नको. मामा पडी जाई."

दोघं दारातच उभे राहिले, मामाने पूल ओलांडण्याची वाट बघत.