जोरीच्या हनुवटीवरची फुली

केरेन्साने करार लिहून काढला तेव्हा न्यूलिन या मासेमारीच्या बंदरगावातल्या त्या चढावरच्या गल्लीत हसायचं कुणी बाकी राहिलं नाही. पंधरा वर्षांची पोर, शेजारच्या चार वर्षांच्या जोरीला मंगळवारी आणि गुरुवारी साडेतीन ते सहा त्याच्याच घरी सांभाळणार, आणि त्यासाठी चक्क दोन पानी करार! न्यायला-आणायला कोण, आईला उशीर झाला तर काय, जोरीने पुन्हा मटार नाकात घातला तर काय.

"अगं पाखरा," टेगन आंटी म्हणाली, "तू पोर सांभाळणार आहेस की जहाज भाड्याने घेणार आहेस?"

टेगन आंटी गल्लीच्या टोकाला राहायची. सव्वीस वर्षं लोकांची मुलं सांभाळणं हाच तिचा धंदा. रीतसर नोंदणी, आणि विम्याचा कागद बैठकीत चौकटीत लावलेला, लग्नाच्या फोटोच्याही वर. केरेन्साने तिच्याच विमा कंपनीला फोन लावला होता. तिकडच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, सोळाच्या आत विमा नाही. "मार्चमध्ये होतेच आहे की सोळाची!" "मग मार्चमध्ये फोन कर हं, बाळा." झालं! तेव्हा करारात विम्याच्या जागी केरेन्साने ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'विमा नाही. पण जे घडेल ते त्याच दिवशी, कागदावर, खरं सांगीन.'

हसली नाही ती एकटी मोर्वेना, जोरीची आई. ती धक्क्यावरच्या शेडमध्ये मासे कापायची, आणि घरात ती आणि जोरी, दोघंच. तिने सगळं वाचलं, सही केली आणि म्हणाली, "केन, शाळेखेरीज याला मी आजवर कुणाकडे सोडलेलं नाही. याला काही झालं ना, तर मी शेड सोडून घरी बसेन, पण पुन्हा कुणाच्या हाती देणार नाही. तुला आत्ताच सांगून ठेवते."

ते ऐकून केरेन्सा घाबरायला हवी होती. पण तिला तर पंख फुटले! तोवर घरात तिच्या हाती साधी चहाची किटली कुणी बिनधास्त दिली नव्हती, आणि इथे एका बाईने आपलं अख्खं पोर दिलं होतं.

सहा आठवडे कसे मजेत गेले. मग आला तो मंगळवार. शाळेतून घरी येताना जोरी बंदराच्या दगडी पायऱ्यांवर उड्या मारत होता. "केन, बघ! केन, आता चौथीवरून!" केरेन्साच्या फोनवर मैत्रिणीने काहीतरी पाठवलं, ती वाचून फिसकन हसली, आणि मान वर करते तो जोरी खाली पालथा. हनुवटी फुटलेली, नवा पिवळा रेनकोट रक्ताने माखलेला.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण पाय थांबले नाहीत. पोराला उचलून ती धावत औषधांच्या दुकानात गेली. तिथल्या बाईंनी जखम धुतली, वर कागदी पट्ट्या चिकटवल्या आणि सांगितलं, टाके नकोत, दात शाबूत आहेत. मोर्वेनाचा फोन लागेना. कामाच्या वेळी तो कपाटात कुलपात असायचा. शेडच्या दारावर निरोप ठेवून केरेन्सा जोरीला घरी घेऊन आली आणि टेगन आंटीकडून अपघाताच्या नोंदीचे दोन छापील कागद मागून आणले. त्या कागदावर पोराची एक साधी आकृती असते, समोरून आणि मागून. लागलं असेल तिथे फुली मारायची, खाली कारण लिहायचं, मग दोघांच्या सह्या.

टेगन आंटी पाठोपाठ आलीच. "कारणात एवढंच लिही: पाय घसरला."

"पण मी फोन बघत होते, आंटी."

"कागदाला काय करायचंय ते? विम्याचा पहिला धडा, पाखरा: आपली चूक आपल्या हाताने लिहून द्यायची नाही. कंपनी हात वर करते."

"मला कंपनीच कुठे आहे?"

"मग तर आणखीच गप्प बस! मोर्वेना पोराला घेऊन घरी बसेल. तिची नोकरी जाईल, तुझा जोरी जाईल. कुणाचं भलं होणार आहे त्यात?"

हे मात्र खरं होतं. आंटी गेल्यावर केरेन्सा पेन हातात धरून बसून राहिली. जोरी तिच्या मांडीवर चढला.

"हा मी आहे?" त्याने आकृतीवर बोट ठेवलं. "मग माझे केस कुठायत?"

"काढते हं." तिने कुरळे केस काढले, मग हनुवटीवर फुली मारली.

"इथे पण मार." गुडघा. "हे शनिवारचं. आणि इथे पण."

"पोटाला काय झालं रे?"

"भूक लागलीय."

केरेन्साने पोटावरही फुली मारली, हसली आणि हसता हसता रडायला लागली. जोरीने रेनकोटच्या बाहीने तिचं नाक पुसलं. मग तिने खालच्या ओळीत सरळ लिहून टाकलं: 'मी फोनकडे बघत होते. पाय घसरला, पण मी बघत असते तर मला झेलता आला असता.'

मोर्वेना धापा टाकत आली. अंगाला माशांचा वास, हातमोजे तसेच. आधी जोरीची हनुवटी पाहिली, त्याला घट्ट धरलं, मग कागद वाचला. पुन्हा वाचला. केरेन्साला तिच्या तोंडाकडे बघवेना.

"हे तुला कुणी लिहायला सांगितलं?"

"कुणी नाही. लिहू नको, असंच सांगितलं."

मोर्वेना खुर्चीत बसली. एकेक करून हातमोजे काढले. मग म्हणाली, "तसला दुसरा कागद आहे? कोरा?"

केरेन्साने दिला. मोर्वेनाने मागच्या बाजूच्या आकृतीवर, डोक्यावर, एक फुली मारली. "पाच महिन्यांचा होता. सोफ्यावर ठेवून मला डुलकी लागली, आणि हा खाली. काही झालं नाही. पण मी कुणाला सांगितलं नाही. नर्सला नाही, आईला नाही. चार वर्षं, केन." तिने जोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझ्याकडून असं होऊ शकतं, तर दुसऱ्याकडून काय होईल, म्हणून कुणाकडे देत नव्हते याला." कारणाच्या ओळीत तिने लिहिलं: 'आई झोपली होती.' मग कागद पुढे सरकवला. "सही कर. सांभाळणारीला कळवलं, असं लिही."

केरेन्साने सही केली. अक्षर जोरीच्या अक्षरासारखं आलं.

"गुरुवारी साडेतीन," मोर्वेना उठत म्हणाली. "आणि तो फोन माझ्यासारखा कपाटात ठेवायचा."

"ठेवीन."

"आई," जोरी म्हणाला, "पोटावरची फुली कुणीच वाचली नाही."