सांगून निघणं

“पुन्हा माझ्या दुकानात पाय ठेवायचा नाही!” असं मावशीने सुनावल्यावर भिंगरी घरी येऊन उशीत तोंड खुपसून पडली. भिंगरी ही माझी अकरा वर्षांची नात, आणि मावशी म्हणजे माझी धाकटी लेक. ती वेगळी राहते; तिच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं चित्रांना चौकटी करून देण्याचं दुकान आहे. सुट्टीत भिंगरी तिथे चौकटी जोडायला शिकत होती. आता शिकणंही गेलं आणि मावशीही गेली, असं तिला वाटत होतं.

“काल म्हणाली, तुझ्यासारखा हात कुणाचाच नाही. आज म्हणते, तूसुद्धा त्यांच्यातलीच! मी काय केलं, आजोबा?”

“काल तिथून निघालीस कशी?”

“आई न्यायला आली. मावशी पाठमोरी होती. आईने खुणावलं, चप्पल हातात घे. मग मागच्या दाराने.”

आमच्या घरची रीतच ती. निरोप घेतला की धाकटी रडते, दार अडवते. म्हणून तिचं लक्ष नसताना सटकायचं. ही रीत पाडली मीच.

“तिला एक विकार आहे,” मी म्हणालो. “सीमावर्ती व्यक्तिमत्त्व विकार, असं डॉक्टरांनी सांगितलंय.”

“म्हणजे वेडी?”

“छे! तिच्यासारखा कोपरा जुळवून दाखव बरं. अडतं ते माणसांपाशी. आई गावाला गेली की तुला काय होतं?”

“आठवण येते.”

“तिला वाटतं, आपल्याला टाकलं. कायमचं. ती भीती इतकी चढते की समोरच्याला तीच आधी हाकलून देते.”

भिंगरी उठून बसली. “आणि आपण खरंच पळतो. चोरांसारखे!”

चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं. इतक्या झटपट वर्मावर बोट ठेवणारी थोडीच.

“मग तिने काहीही बोललेलं चालतं?”

“मुळीच नाही. लागलं तर लागलं म्हणायचं. दर मंगळवारी ती उपचारांना जाते, ते तिचं काम. आपलं काम आपण करू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं दुकानात गेलो.

“कशाला आलीस?”

“शिकायला. आणि काल तू बोललीस ते मला लागलं, मावशी.”

धाकटी थबकली. मग तिने करवत पुढे सरकवली.

बारा वाजता भिंगरी उठली. “मी जेवायला जाते. तीनला येते.”

“जा! सगळे जा! येऊच नकोस!” धाकटीने हातातली लाकडी पट्टी धाडकन आपटली.

“तीनला,” भिंगरी म्हणाली आणि पुढच्या दाराने गेली. मी तिथेच बसून राहिलो.

बराच वेळ धाकटीने कशालाच हात लावला नाही. मग म्हणाली, “नाही यायची ती. तुम्हीच सगळ्यांना पळायला शिकवलंत, बाबा.”

“शिकवलं. चुकलं माझं.”

हे वाक्य मी तिला फार आधी म्हणायला हवं होतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना भिंगरी धापा टाकत आत शिरली.

“घरी काही उद्योग नाहीत वाटतं?” धाकटी म्हणाली.

“आहेत ना. पाचला जाणार आहे.”

धाकटीने मान वर केली नाही; बोटं मात्र क्षणभर थांबली. “पाचला म्हणजे पाचला. तोवर हे दोन कोपरे जुळव, आणि नीट जुळव.”