वीतभर पडदा

कामिनीची आई, कुंताबाई, टेकचंदच्या दुकानात शिरली ती धार लावून आणलेले विळे काखेत घेऊनच. जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेलं ते गाठोडं तिने काउंटरवर, चकचकीत खोक्यांच्या शेजारी ठेवलं, तसा टेकचंद हसत मागे सरला.

"काकू, सौदा पटला नाही त कापता का काय जी?"

"भाव कमी करशील त नाही कापत," कुंताबाई म्हणाली.

दिवाळी होऊन गेली होती आणि गावी, एकोडीला, धान कापायला आला होता. विळ्यांना धार लावायला आई साकोलीला आली, तेव्हा कामिनीने तिला बाजारातूनच हाताला धरून इकडे आणलं होतं. कामिनी साकोलीच्या कॉलेजात ग्रंथपाल होती आणि तिथेच खोली घेऊन राहायची. शनिवारी तिला अर्धा दिवस असे. टीव्हीला जोडून हवं ते हवं तेव्हा बघता येईल असं यंत्र घ्यायचं हे तिने दिवाळीतच ठरवलं होतं, आणि त्याला कारण एकच होतं. आईला तिची मालिका बघायची होती.

मालिका आईची होती खरी, पण ती आईने कधी बघितली नव्हती. ती संध्याकाळी लागायची, नेमकी रांधायच्या वेळी. टीव्ही पुढच्या खोलीत, चूल मागच्या खोलीत. बाबा टीव्हीसमोर खुर्चीत बसायचे, कामिनी सुट्टीला आली की बाजूच्या दिवाणावर पुस्तक घेऊन लोळायची, आणि आई चुलीपाशी बसून ऐकायची. दोन जावांचं भांडण, हरवलेली पोरगी, दिराची फसवाफसवी, सगळं तिला पाठ होतं. बाबांचा डोळा लागला की जागे झाल्यावर तेच तिला विचारायचे, काय झालं म्हणून, आणि ती आतून सांगायची. याच दिवाळीत फराळाखाली घेतलेल्या वर्तमानपत्रात एका बाईचा फोटो होता. आईने विचारलं, ही कोन? कामिनी म्हणाली, "अगं, तुझ्या मालिकेतली धाकटी जाऊ."

आईने तो तेलकट कागद उजेडात धरला. "अशी हाय का?" ती म्हणाली. "मले वाटे, जाडी असन."

कामिनी हसली होती. आईही हसली होती. पण ते हसणं कामिनीच्या मनातून गेलं नाही, आणि परत आल्यावर तिने या यंत्रांबद्दल मिळेल ते वाचून काढलं. वाचायचं म्हटलं की तिला थांबता यायचं नाही. कुठल्यात किती मेमरी, कुठल्यात बोलून शोधता येतं, कुठलं लवकर तापतं, ती तोंडपाठ सांगू शकली असती.

टेकचंदने दोन वस्तू पुढे ठेवल्या. एक बोटाएवढी कांडी, टीव्हीच्या मागे खुपसायची. दुसरा पानाच्या डब्याएवढा काळा डबा, वायरी असलेला. कामिनीने मोबाईलमधला घरच्या टीव्हीच्या पाठीचा फोटो दाखवला. तो बघून त्याने कांडी मुकाट्याने खाली ठेवली. "जुना टीव्ही हाय, ताई. याले कांडी नाही लागत. डबाच घ्या. चित्र फोर-के नाही दिसनार, पन दिसन."

"तोंड दिसन ना मानसाचं?" आईने विचारलं.

"तोंड दिसन जी, काकू. पावडर लावली का नाही तेही दिसन."

"आन भात ऊतू गेला मधातच, त?"

"हे बटन दाबाचं. चित्र जागच्या जागी थांबते. तुमी भात उतरवा, हात धुवा, या. मंग परत दाबा."

आईने बटनाकडे बघितलं, हात लावला नाही. "माह्यासाठी थांबते?"

"शिमग्यापर्यंत थांबते."

"आमच्या घरी मानूस थांबत नाही जेवाले," आई कामिनीकडे वळून म्हणाली, "आन हे डबं थांबते म्हंते."

मग टेकचंदने घरी वायफाय आहे का विचारलं. कामिनी म्हणाली, बाबांच्या मोबाईलवरून लावू. आई लगेच म्हणाली, "म्हंजे तुहे बाबा पानठेल्यावर गेले का मालिकाही गेली त्याइच्या संगं." टेकचंद मोठ्याने हसला. कामिनीने सिमकार्ड घालायचं वेगळं यंत्रही घेतलं, आईच्या नावाचं. बुधवारी येऊन लावून देतो, असं त्याने सांगितलं. कामिनीही बुधवारी येणार होती. पहिल्या भागापासून लावून देईन, तिने आईला कबूल केलं.

"पह्यल्यापासून कायले? पह्यलं त मले मालूम हाय."

"मालूम आहे, पण पाहिलं कुठं आहेस?"

एकोडीची ऑटो भरत आली होती. विळ्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन आई दोन बायांच्या मधे बसली. "कोठिंबीर आणजो येताना," ती म्हणाली. "आपल्या इकडची किडली." ऑटो निघाली, तेव्हा कामिनी मोबाईलमध्ये बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई धान कापता कापता बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या कडेला, पाणी प्यायला बसली आणि उठली नाही. शेजारच्या बांधीत कापणाऱ्या ललिताबाईंना वाटलं, थकली असेल, बसू द्यावं. बराच वेळ त्यांनी हाक मारली नाही. हे त्या येईल त्याला रडून सांगत होत्या. कामिनी पोचली तेव्हा आईला पुढच्या खोलीत आणून निजवलं होतं आणि टीव्हीवर कुणीतरी दुपट्टा टाकला होता.

सुतकात घर माणसांनी भरलं. कामिनी बायांमध्ये बसून राहिली. मरणाबद्दल तिने पुष्कळ वाचलं होतं. त्यातली वाक्यं तिला आठवत होती, एकामागून एक, सगळी खरी होती, आणि कुणाच्या घरी भेटायला गेल्यावर म्हणण्याजोगी होती.

टेकचंद बुधवारी आला. त्याला काही कळलं नव्हतं. अंगणात मुंडण केलेले पुरुष बसलेले बघून तो फाटकातच थबकला आणि हातातलं खोकं त्याने पाठीमागे धरलं. आत्या, चंद्रभागाबाई, दारातूनच म्हणाली, "सुतकात टीव्ही लावाले आला का, बाप्पा?"

"मले मालूम नव्हतं जी," टेकचंद म्हणाला. मग हळू आवाजात कामिनीला विचारलं, "ताई, वापस नेऊ का?"

कामिनीने बाबांकडे बघितलं. ते भिंतीशी बसले होते. टिकाराम हा माणूस मोठ्याने बोलणारा, पण त्या दिवशी त्यांचा आवाज दोनदा खाकरल्यावर निघाला. "राहू दे," ते म्हणाले. "तिनं पसंत केलेली वस्तू हाय. तेरवी झाल्यावर लावून दे."

तेरवी झाली. पाहुणे गेले, आत्याही गेली. जाताना ती कामिनीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घर सांभाळलंस वो माय. कुंतासारखंच केलं समदं." कामिनीने मान हलवली.

टेकचंदने येऊन डबा जोडला. दुपट्टा निघाला, पडदा निळा झाला. पडद्यावर नाव विचारलं होतं, यावर बघणाऱ्याचं नाव. "काय टाकू, काकाजी?" त्याने विचारलं. बाबांनी कामिनीकडे बघितलं. कामिनीच्या तोंडाशी नाव आलं होतं. ते उच्चारलं तर पुढे काय होईल याची तिला भीती वाटली, आणि ती पडद्याकडे बघत राहिली.

"टिकाराम टाक," शेवटी बाबा म्हणाले.

तेव्हापासून ते टीव्हीसमोरून उठेनात. बातम्या लावायचे, आवाज मोठा करायचे. त्या आवाजात मागच्या खोलीतली शांतता ऐकू येत नव्हती, म्हणून असेल. एकदा त्यांच्या अंगठ्याखाली ते थांबवायचं बटन दाबलं गेलं आणि बातम्या सांगणारी पोरगी तोंड उघडं ठेवून थांबली. कामिनी पाणी द्यायला आली तेव्हा चित्र तसंच होतं आणि बाबा तसेच त्याच्यासमोर बसले होते.

"बिघडलं का, बाबा?"

"नाही. असू दे." पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "कुटं जाचं हाय आता."

तिने रजा वाढवून घेतली होती, कशासाठी ते तिलाही नीटसं सांगता आलं नसतं. गॅस होता, पण बाबांना चुलीवरचाच भात लागायचा. त्या संध्याकाळी तिने चूल पेटवली. ही चूल उलटी होती. दोनेक वर्षांपूर्वी आईने जुनी चूल फोडून नवी घातली, ती तोंड फिरवून. सगळ्या गल्लीने तिला हसून घेतलं होतं. अशी काहून केली म्हणून कामिनीनेही विचारलं होतं, आणि धूर जाते म्हणून आईने सांगितलं होतं.

धूर जात नव्हता. तो सरळ डोळ्यांत येत होता. कामिनीने तोंड फिरवलं, मान डावीकडे वळवली, आणि धुरातून डोळे उघडले तेव्हा तिला टीव्ही दिसला.

सगळा नाही. मधल्या खोलीची दोन्ही दारं एका रेषेत येत होती, आणि त्यांच्या फटीतून पडद्याची एक उभी पट्टी दिसत होती, वीतभर रुंद. पट्टीत एक खांदा होता. खांदा हलला आणि नुसता रंग राहिला. कामिनी थोडी उजवीकडे सरकली. पट्टी गेली. पुन्हा जागेवर आली, पुन्हा दिसली. चुलीत लाकूड सारायचं तर उजवा हात पुढे आणि मान पूर्ण डावीकडे मागे वळवलेली, अशीच बसायची ती जागा होती. तिथली जमीन इतर जागेपेक्षा खोल आणि गुळगुळीत झाली होती.

आईची मान दुखायची. कामिनीने तिला साकोलीहून मलम आणून दिलं होतं, आणि व्यायामाची चित्रं असलेला कागदही.

भात रटरटायला लागला. ती बघत राहिली. त्या पट्टीतून कुणाचा हात गेला, कुणाच्या साडीचा काठ गेला. कुणाचं तोंड मात्र पट्टीत येत नव्हतं. तोंडं मधोमध असतात. दोन वर्षं आईने हे बघितलं होतं, काठ आणि खांदे, आणि मधलं सगळं ऐकून भरून काढलं होतं. आणि पट्टीच्या पलीकडे, पट्टीत न दिसणाऱ्या दिवाणावर, कामिनी पुस्तक वाचत होती. तिथून चुलीपर्यंत फार तर पंधरावीस पावलं. भाताकडे बघायला तेवढी उठून गेली असती तर आई येऊन बसली असती. एवढं साधं होतं ते. आणि ती मेमरी आणि वायरींचं वाचत बसली होती.

तिला रडू आलं नाही. रडण्याने काही सुटलं असतं असं तिला वाटेना. घरात आता अशी एक जागा होती की तिथे बसलं तर दिसत राहणार होतं, आणि तिथे बसल्याशिवाय भात होणार नव्हता. रोज. बाबा असेपर्यंत, आणि त्यानंतरही ती जिथे कुठे जाईल तिथे.

तिने भात उतरवला, लाकडं मागे ओढली आणि पुढच्या खोलीत आली.

"झालं का रांधून?" बाबांनी विचारलं.

"नाही."

तिने त्यांच्या हातातून रिमोट घेतला. तिने मालिकेचं नाव शोधलं, खाली खाली जाऊन पहिला भाग काढला आणि लावला. गाणं सुरू झालं. हे गाणं या घराने हजारदा ऐकलं असेल. मग एक मोठा वाडा दिसला, जिना दिसला, आणि जिन्यावरून डोक्यावर पदर घेतलेली एक बारीक, सावळी पोरगी उतरली.

"ही कोन?" बाबा म्हणाले.

"धाकटी जाऊ."

"असं." ते बघत राहिले. "हे कायले लावलं, बाई? तुले त नाही आवडत."

कामिनी दिवाणापाशी गेली. त्यावर तिचं पुस्तक होतं, बाबांचा टॉवेल होता, तेरवीच्या उरलेल्या पत्रावळी होत्या. तिने सगळं उचलून खाली ठेवलं. चादर हाताने सारखी केली. मग ती उभी राहिली, मधल्या दाराकडे वळली. दोन्ही दारं उघडी होती. शेवटी अंधार होता आणि चुलीत थोडे निखारे होते. मागे मालिका चालूच होती, कुणी कुणाला तरी विचारत होतं, नवी सून का तुम्ही.

बाबा तिच्याकडे बघत असावेत. तिने त्यांच्याकडे बघितलं नाही. तिचा आवाज मोठा निघाला, मागच्या खोलीत पोचेल इतका.

"आई, राहू दे तो भात. मी पाहीन. तू ये, इथं बस."