वाकड्या टोकाची सुरी

१९६७ साली बाजारामागच्या वखारीत सुरीबाबा उतरला आणि दवाखान्यातली गर्दी तिकडे वळली. त्याच्याकडे एक विचित्र जुनी सुरी होती. पातं दोन्हीकडून दातेरी, टोक वाकडं, मूठ चांदीची. रोगाच्या मुळाला वळसा घालून घालून टोक वाकलं, असं तो सांगे. ‘शुद्धी’साठी तो मूठ निखाऱ्यांवर फिरवी आणि रोग्याच्या पोटावर कापूस ठेवून वर सुरी धरी. मुठीच्या सांध्यातून काळसर लाल थेंब गळत. ते ‘रोगाचं रक्त’ लोक कपाळाला लावत. काहीजण तर चाटत.

गर्दीत उभी राहून भांडीवाली मावशी हे बघत होती. मोठ्या हॉटेलात वीस वर्षं भांडी घासून तिने नाही नाही ती घाण उपसली होती, पण असली नाही. त्यात आज पोट उघडं टाकून निजली होती तिचीच लेक. गुरुवारी लेकीच्या गाठीचं ऑपरेशन ठरलं होतं. जावयाने ते परस्पर रद्द केलं होतं. बाबा सात बैठकांत गाठ विरघळवतात, असं त्याचं म्हणणं.

सुरी जवळून दिसली आणि मावशी थबकली. असल्या डझनभर सुऱ्या तिने रोज धुतल्या होत्या. पहिल्याच दिवशी एक कढत पाण्यात टाकली म्हणून आचाऱ्याच्या शिव्याही खाल्ल्या होत्या.

कोपऱ्यात चहासाठी किटलीत नुसतं पाणी उकळत होतं. तिने सुरी हिसकली आणि मुठीकडून किटलीत बुडवली. बाबा शापाची भाषा करू लागला. तिने सावकाश सुरी वर काढली. सांध्यातून तोच लाल ओघळ उतरला.

“आता हा रोग कुणाचा? किटलीचा?”

जावई चाचरला, “आई, अहो, ते रक्त...”

“लाख आहे ती, जावईबापू. पोकळ मुठीत पातं लाखेनं बसवतात. तापली की गळते. आणि टोक वाकडं असतं ते अर्ध्या कापलेल्या संत्र्याचा गर सालीपासून सोडवायला. साहेब लोकांच्या नाश्त्याची सुरी आहे ही.”

मागून सोनार खालमानेने म्हणाला, “या महिन्यात दोनदा माझ्याकडूनच लाख नेली यांनी.”

गुरुवारी ऑपरेशन झालं. लेकीने पुढे तीन मुलं वाढवली. जावई सासूशी वर्षभर नीट बोलला नाही, पण तिच्या शेवटच्या आजारात दवाखान्यात तोच बसून राहिला. बाबा दुसऱ्या गावात गेला आणि तिथे म्हणे पाण्याने रोग बरे करू लागला. शिंप्याची बायको मात्र त्याच्या भरवशावर तीन महिने थांबली होती. डॉक्टरांकडे पोचली तेव्हा उशीर झाला होता.

चमत्कार दाखवणाऱ्याची वस्तू आधी आपल्या हातात मागावी. दिली नाही, तर उठावं आणि दवाखाना गाठावा. शिंपिणीला हे कुणी वेळेवर सांगितलं नाही.