उजव्या दिव्यावरची हळद

मित्रांनो, माझा उजेड गेला आहे हे ज्या दिवशी कळले, तो दिवस धानकापणीतला होता. सूर्य नुकताच मावळला होता. ब्रह्मपुरीहून आरमोरीकडे निघालेली आमची प्रवासी जीप वैनगंगेचा पूल ओलांडून थोडी पुढे आली आणि करकचून थांबली. समोर धानाच्या भाऱ्यांनी लादलेली बैलगाडी होती. तिच्यात आणि माझ्यात वीतभर अंतर उरले होते. बाहेर आलेली धानाची काडी माझ्या तोंडाला टोचत होती.

मग पुढच्या सीटवरचा म्हातारा पत्रू म्हणाला, "मुखरू, येवढी मोठी बैलगाडी दिसली नाई तुले? या रस्त्यानं हत्ती फिरून राह्यले. तो तं दिसन ना?"

मागे कोणीतरी हसले. गाडी चालवणारा मुखरू हसला नाही. त्याने डोळे चोळले आणि म्हणाला, "दिवे तं चालू हायेत."

दिवे चालूच होते. माझ्या पाठीमागचा बल्ब पूर्ण जोरात जळत होता. त्याची ऊब मला लागत होती. म्हणजे उजेड माझ्यापर्यंत येत होता. मग पुढे तो जात होता कुठे? त्या दिवसापर्यंत मला वाटे की जगच धूसर झाले आहे, शेतांवर धुके बसले आहे. धुके माझ्यावरच बसले असेल असे माझ्या मनातही आले नव्हते.

मी या जीपचा उजवा दिवा. नीट सांगायचे तर दिव्यावरचे झाकण. सगळे मला काच म्हणतात, पण मी काच नाही. मी प्लॅस्टिकचा आहे. चौदा वर्षांपूर्वी कारखान्यात साच्यातून निघालो तेव्हा माझ्यावर एक पातळ, कडक थर दिला होता. उन्हापासून मला जपणे हे त्या थराचे काम. तो थर दिसत नाही, म्हणून तो झिजला तरी कोणाला कळत नाही.

मुखरूने बैलजोडी विकून ही जीप घेतली. त्याची बायको रुखमाबाई दोन दिवस नीट जेवली नव्हती, असे मी पुढे ऐकले. पण जीप अंगणात आली आणि तिने ती बैलांच्याच जागी, कडुनिंबाखाली उभी करायला लावली. पहिला पोळा आला. आमच्या भागात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांना पळसाच्या पानाने तूप-हळद लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आमंत्रण देतात. रुखमाबाई वाटी घेऊन जीपपुढे उभी राहिली आणि विचारात पडली.

"याचे खांदे कुठी हायेत वो?"

"जीपले कायचे खांदे, रुखमा?"

"मंग हेच," ती म्हणाली आणि तिने पळसाचे पान आधी माझ्यावर फिरवले, मग डाव्या दिव्यावर.

"अवं, ते डोये हायेत त्याचे!" मुखरू ओरडला.

"तुमाले काय समजते? इथूनच तं वढते तो," ती म्हणाली, आणि बैलांना म्हणायची तसे आम्हाला म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

तेव्हापासून दर पोळ्याला असे झाले. हळद लावण्याआधी ती आम्हाला चुलीच्या राखेने घासून लख्ख करायची, पितळेच्या गुंडाला, म्हणजे पाण्याच्या घागरीला घासायची तसे. गोल, गोल, जोर लावून. मला ते आवडायचे. मुखरू इतर गाडीवाल्यांना सांगायचा, "माह्या जीपचे दिवे पाहा, भांड्यावानी चमकतेत." खरेच, ओले असेपर्यंत आम्ही चमकायचो.

तिच्या शेवटच्या पोळ्याला ती आजारी होती. पान हातातून पडले, म्हणून तिने बोटांनीच हळद लावली. पुढे माघात ती गेली. यंदाच्या पोळ्याला कोणी वाटी घेऊन आले नाही. मुखरू जीप धुवायचा, पण आम्हा दोन दिव्यांना पाणी लागू द्यायचा नाही. आमच्यावर पिवळा रंग होता. तो रंग तसाच ठेवून मुखरू बाकीची जीप पुसायचा.

आता तुम्हाला बैलगाडीच्या दिवसापुढचे सांगतो. पत्रूच्या फोनने ती बातमी जीपच्या आधी घरी पोचली. मुखरूची सून उर्वशी दारातच उभी होती. तिने हात पुढे केला.

"मामाजी, किल्ली द्या. आजपासून गाडी बंद. तुमचे डोये गेले."

"काई नाई झालं माह्या डोयाले."

"पत्रूबाबा खोटं बोलते का?"

मुखरूने किल्ली दिली. मग ओट्यावर बसून तो हळू म्हणाला, "गाडी सुटली तं दिवसभर घरी काय करू व माय? घरात बसलो का रुखमाकडंच ध्यान जाते."

उर्वशीचा आवाज उतरला. "मी काय तुमची दुश्मन हावो का? उद्या डोये तपासून या. डॉक्टर हो म्हणन तं मीच किल्ली देईन."

दुसऱ्या दिवशी तो बसने ब्रह्मपुरीला गेला आणि परत आला तो जवळजवळ धावतच. डॉक्टरांनी भिंतीवरची अगदी खालची बारीक ओळ त्याच्याकडून वाचून घेतली होती. डोळे चांगले होते. उर्वशीने कागद दोनदा वाचला. "मंग बैलगाडी काऊन नाई दिसली?" तिने विचारले. माझा प्रश्न आता घरातल्या दोघांनाही पडला होता.

उत्तर डोमाने दिले. डोमा गाड्यांना रंग देणारा, गावाच्या फाट्यावर त्याचे शेड आहे. मुखरूने दिवसाउजेडी जीप तिथे नेली. डोमाने मला बोटाने टकटक केले आणि तो म्हणाला, "मुखरूभाऊ, तुमचे डोये बराबर हायेत. आंधळा हा झाला. घासून देतो."

"त्याले हात नको लावू," मुखरू म्हणाला. "ते रुखमाची हळद हाय."

डोमाने ओले फडके माझ्यावरून फिरवले आणि मुखरूला दाखवले. फडक्यावर धूळ होती, पिवळे काही नव्हते. "हळद उन्हात महिनाभर बी नाई टिकत, भाऊ. हे पिवळं उन्हाचं हाय. ते पाहा." शेडमध्ये एका मास्तरांची कार उभी होती. तिला कधी कोणी पोळ्याची हळद लावली नसणार. तिचे दिवे माझ्याइतकेच पिवळे होते.

मुखरूने त्या कारच्या दिव्यावरून बोट फिरवले. "मंग रुखमाचं काईच नाई का याच्यावर?"

डोमाने खाली बसून माझ्याकडे तिरपे पाहिले. "हे पाहा, उन्हात दिसते. बारीक रेघा, गोल गोल. वहिनी राखेनं घासे का?"

"हो. दर पोळ्याले."

"तं हे वहिनीचं हाय," डोमा म्हणाला. मग त्याने पुढचेही सांगितले. "आन उजेड बी हेच अडवून राह्यले, भाऊ."

मुखरू उठून फाट्यावरच्या टपरीवर गेला. चहा घेऊन परत आला. "दे तो पेपर," तो म्हणाला. "मीच घासतो."

डोमाने माझ्याभोवती चिकटपट्टी लावली, म्हणजे जीपचा रंग खरवडला जाणार नाही. घासायचा कागद पाण्यात भिजवून त्याने मुखरूच्या हातात दिला. "सरळ हात मारा भाऊ, आडवा. गोल नका घासू." मुखरूचा हात तरी तीन वेळा गोल फिरला. डोमाने पाहिले आणि तो दुसरीकडे बघू लागला. चौथ्या वेळी हात सरळ गेला.

आधी माझ्यावरून पिवळे पाणी वाहिले. मग दुधासारखे पांढरे. मी आधीपेक्षाही धूसर झालो आणि घाबरलो. पण खरखरीत कागदानंतर मऊ कागद आला, त्यानंतर त्याहून मऊ. मग पॉलिश आणि कोरडे फडके. शेवटी डोमाने पारदर्शक रंगाचा फवारा मारला. कारखान्यातला थर गेला होता, त्याच्या जागी हा नवा. हा नसता तर वर्षभरात मी पुन्हा पिवळा झालो असतो.

थर वाळल्यावर जीपचे तोंड शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्याकडे करून डोमाने माझा बल्ब लावला. समोरच्या भिंतीवर उजेडाची स्वच्छ कड उमटली. तेव्हा मला कळले, उजेड कुठे जात होता ते. तो कुठेच गेला नव्हता. माझ्याच रेघांमध्ये अडकून चहूकडे फुटत होता.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी गाडी असेल तर तिच्या दिव्यांना राख लावू नका. साधे पाणी आणि मऊ कापड पुरे. गाडी सावलीत ठेवा. पण रुखमाबाईला मी दोष देणार नाही. तिने मला बैलासारखे मानले आणि भांड्यासारखे जपले. मी कशाचा बनलो आहे हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. कोणाची काळजी घ्याल तेव्हा ते कशाचे बनले आहे, एवढे आधी विचारून घ्या.

त्या दिवशी डोमाने नवा कागद भिजवला आणि डाव्या दिव्याकडे वळला. मुखरू म्हणाला, "आज नाई."

"एका दिव्यावर सून गाडी नाई चालवू देणार, भाऊ."

"माहीत हाय मले."

याला आता नऊ दिवस झाले. जीप कडुनिंबाखाली उभी आहे. आरमोरीचे प्रवासी दुसऱ्या गाडीने जातात. मुखरू सकाळी येतो, डाव्या दिव्यासमोर उकिडवा बसतो, ऊन वर येईपर्यंत त्याच्यावरच्या रेघा पाहतो आणि आत जातो. डावा दिवा अजून घासायचा आहे.