रोजचे भाकर

अंबादास साळव्यांनी हात जोडले, डोळे मिटले, घसा साफ केला आणि जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली. निम्म्यावर आल्यावर त्यांनी 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' ही अख्खी ओळ ओलांडली आणि झपाट्यानं 'आमेन' गाठलं.

"पपा, एक लाइन राहिली," सात वर्षांची इशिता डोळे न उघडताच म्हणाली.

"राहिली नाही, वगळली." त्यांनी सूपचा वाडगा पुढे ओढला. "दोन दारांचा फ्रीज भरलाय. त्यात डाएटिशियनबाईंनी मला भाकरी-पोळी बंद केली आहे. मागणी मंजूर झाल्यावर तोच अर्ज पुन्हा पाठवणं नियमात बसत नाही."

गिरिजाबाई हसल्या नाहीत. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या दोन खोल्यांच्या सरकारी क्वार्टरमध्ये असताना, बढती अडकलेल्या त्या वर्षांत, नवऱ्याची प्रार्थना इतकी लांबायची की वरण दोनदा गरम करावं लागे. गुडघ्यांखालची सतरंजी विरली होती. मग बढती आली, फरीदाबादला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट आला, गाडी आली, गाडीला ड्रायव्हर आला. सतरंजी नव्या फर्निचरला शोभेना, म्हणून माळ्यावर गेली. रविवारची उपासना आता मोबाइलवर व्हायची, तीही दीडपट वेगानं. उपदेश करणारे पाळकसाहेब बस सुटत असल्यासारखे बोलायचे.

"तंगीत तुम्ही देवाला धरून राहिलात," गिरिजाबाई म्हणाल्या. "आता सुखात सोडाल, याची मला धास्ती वाटते."

"एका ओळीनं काय होतंय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रायव्हर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. फोन बंद. साळवेसाहेब टाय सांभाळत मेट्रोत उभे राहिले आणि ऑफिसात पोचेपर्यंत तो टाय दुसऱ्याच कुणाच्या तरी खांद्यावर होता. थांब्यावर सोडायला गाडी नसल्यानं इशिताची स्कूलबस दोनदा चुकली.

रात्री जेवणाआधी पुन्हा ती ओळ गळली, तेव्हा इशितानं चमचा आपटला.

"पपा, आपण मागतच नाही, तर देव भाकर अंकलना पाठवणार कसा?"

ड्रायव्हरचं आडनाव भाकर. हरियाणातल्या झज्जरकडचा जाट गडी. तो कामाला लागल्यापासून पोरगी प्रार्थनेत 'आमचे रोजचे भाकर' म्हणत होती. दिल्लीत वाढलेलं लेकरू, लिंग-वचन चुकणारच, म्हणून कुणी दुरुस्त केलं नव्हतं. प्रत्यक्षात ते चुकलेलं नव्हतं, आदरार्थी होतं.

गिरिजाबाईंना इतकं हसू आलं की हातातली पळी खाली ठेवावी लागली.

"अगं वेडाबाई, त्यांना मी पगार देतो, म्हणून ते येतात," अंबादास म्हणाले.

"अच्छा? मग आले का नाहीत?"

सरकारी नोकरीत त्यांनी संसदेतल्या प्रश्नांचीही उत्तरं तयार करून दिली होती. या प्रश्नावर मात्र त्यांनी सूप ढवळलं.

"बरं, तूच म्हण," ते शेवटी म्हणाले.

इशितानं म्हटली. त्या ओळीवर अंमळ जास्तच जोर दिला.

सकाळी बेल वाजली. दारात भाकर.

"माफ करना साबजी, भतीजे की शादी थी। फोन हौद में गिर गया।" त्यानं फडक्यात बांधलेला डबा पुढे केला. "माँ ने भेजी है। बाजरे की है, मक्खन भी रखा है।"

अंबादासांनी फडकं सोडलं. थापताना उमटलेली बोटं, कडेला करपलेला डाग, वर लोण्याचा गोळा. वाफ केव्हाच गेली होती, वास मात्र थेट जालन्याचा होता. आईच्या चुलीपुढचा.

"भाकर," गिरिजाबाई हळूच म्हणाल्या. या वेळी त्यांना ड्रायव्हर म्हणायचं नव्हतं.

अंबादासांनी तुकडा मोडला. तो तोंडाशी नेता नेता हात थांबला. मग ते तिथेच, बुटांच्या कपाटापुढे, डोळे मिटून उभे राहिले. ओठ हलत होते. आमेन काही येईना. ओट्यावरचा चहा निवत चालला.

भाकरनं गाडीची किल्ली चुळबुळत खुळखुळवली. "साबजी की तबीयत तो ठीक है? दफ्तर को देर हो जाएगी।"

इशितानं ओठांवर बोट ठेवलं.

"श्श, अंकल! पापा आपको कल के लिए माँग रहे हैं।"